नेमणूकपत्र नाही म्हणून घामाचा पगार सोडू नका

नाशिककडच्या सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या आणि पगार थकलेल्या माणसाशी बोलले की बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येते, ‘आपल्याकडे कागदच नाही, मागायचे कशाच्या जोरावर?’ या समजुतीमुळेच पगार बुडवणाऱ्यांचे फावते, असे माझे ठाम मत आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार (पगाराविषयीचा केंद्राचा नवा कायदा) महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळाला पाहिजे आणि काम सोडले किंवा कामावरून काढले, तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता झाला पाहिजे. पगार मिळाला नाही म्हणून दावा दाखल केला, की तो दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. आपण तिथे काम करत होतो, एवढे मात्र आपल्याला दाखवता आले पाहिजे, आणि त्यासाठी नेमणूकपत्र हा एकच पुरावा नसतो.

माझ्या ओळखीचा एक सीएनसी ऑपरेटर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावरचा कामगार) खिशातल्या वहीत रोजची पाळी, ओव्हरटाइमचे तास आणि त्या दिवशीच्या सुपरवायझरचे नाव लिहून ठेवत असे. ती वही, ‘उद्या सेकंडला ये’ (म्हणजे दुसऱ्या पाळीला) असे सुपरवायझरने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले निरोप, पासबुकातल्या आधीच्या पगारांच्या नोंदी, गेटपास आणि पीएफच्या पासबुकात दिसणारे आस्थापनेचे (कारखान्याचे किंवा ठेकेदाराच्या कंपनीचे) नाव, हे सगळे एकत्र ठेवले की त्याला चांगले वजन येते. सोबत काम केलेल्यांची साक्षही मोलाची असते. दुर्दैवाने आपली नोकरी जाईल या धास्तीने सहकारी मागे सरतात, आणि त्यांना दोष देणे मला जमत नाही.

ठेकेदाराने हात वर केले तरी वाट बंद होत नाही, कारण त्याने पगार दिला नाही तर ज्या आस्थापनेत काम केले तिच्या मालकावर तो देण्याची जबाबदारी येते. दाव्यासाठी आता तीन वर्षांची मुदत आहे (जुन्या वेतन प्रदान कायद्यात ती बारा महिन्यांची होती) आणि थकीत रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो. नोंदणीकृत कामगार संघटनाही कामगाराच्या वतीने अर्ज करू शकते. कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज देताना महिनावार थकबाकी लिहावी आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा.

दरम्यान चार-दोन हजारांची उचल पुढे करून कोऱ्या व्हाउचरवर किंवा ‘सर्व हिशेब मिळाला’ अशा मजकुराखाली सही मागितली, तर ती मुळीच करू नये. मिळाली तेवढीच रक्कम आणि तारीख स्वतःच्या हाताने लिहून मगच सही करावी.