घोरण्याचं अधिकारक्षेत्र

मी घोरतो की नाही, हा आमच्या घरातला जुना वाद. बायको म्हणते घोरता. माझं म्हणणं असं, की ज्या वेळी मी स्वतः शुद्धीवर नव्हतो त्या वेळेबद्दल एकाच साक्षीदाराच्या जबानीवर मला दोषी ठरवू नये. शेवटी त्रयस्थ म्हणून फोनवर घोरणं मोजणारं एक अ‍ॅप घेतलं. सात दिवस फुकट, पुढे वर्षाची वर्गणी. चौथ्या रात्रीच निकाल इतका एकतर्फी लागला, की आणखी पुरावा गोळा न होऊ देण्यातच माझं हित होतं. मी वर्गणी रद्द केली. ‘रद्द झाली’ अशी हिरवी खूणही आली. आठव्या दिवशी सकाळी अख्ख्या वर्षाचे पैसे कार्डावरून गेले.

मदतीच्या खिडकीत जे कोणी होतं (माणूस होता असं मी शपथेवर सांगणार नाही), त्याने ‘आम्हाला तुमची अडचण समजते’ असं तीनदा सांगितलं आणि या संभाषणाला किती तारे द्याल, असं चारदा विचारलं. पैशांचं नाव काढलं की पुन्हा अडचण समजायची. शेवटी माझा तोल गेला आणि मी टाइप केलं, ‘तुम्हाला कोर्टात खेचतो.’

यावर मात्र तत्काळ उत्तर आलं. ‘अवश्य. कृपया अटी व शर्ती, कलम १९ पाहावे.’

‘अवश्य’ हा शब्द मला झोंबला. एवढा आत्मविश्वास पैलवानात असतो, नाहीतर ज्याच्या दारात जायला रस्ताच नाही अशा माणसात.

मग मी मान्य केलेल्या अटी मी पहिल्यांदा वाचल्या. मान्य करताना मला साडेतीन सेकंद लागले होते, वाचायला रविवारची दुपार गेली. मधली दोन पानं नुसती मोठ्या (इंग्रजी कॅपिटल) अक्षरांत होती. हमी नाकारणारा मजकूर ठळक दिसला पाहिजे असा अमेरिकेतला दंडक आहे, म्हणून तिथले वकील अशा जागी सगळी अक्षरं मोठी करून ओरडतात. आपल्या लिपीत लहानमोठं अक्षर नाही, त्यामुळे आपल्याकडे जबाबदारी झटकायची तर ती हळू आवाजातच झटकावी लागते.

कलम १९ मात्र कुठेही ओरडत नव्हतं. बारीक अक्षरांत, ‘किरकोळ’ या मथळ्याखाली ते शांतपणे बसलं होतं.

पहिलं वाक्य: हा करार डेलावेअर राज्याच्या कायद्यानुसार चालेल, कायद्यांच्या परस्परविरोधाबाबतची तत्त्वं वगळून. हे वगळणं काय असतं, ते मला नंतर कळलं. प्रत्येक ठिकाणच्या कायद्याला एक मागचं दार असतं. अमक्या प्रकरणात आमचा कायदा न लावता पलीकडच्यांचा लावा, असं सांगणारे नियम त्या दारातून येतात. कंपनीने त्या दाराला आधीच खिळे ठोकले होते.

दुसरं वाक्य: सर्व वाद फक्त कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीतल्या न्यायालयांतच चालतील. मी नकाशा उघडला. डेलावेअर अमेरिकेच्या पूर्वेच्या काठावर, सांता क्लारा पश्चिमेच्या. म्हणजे डावाचे नियम एका काठाचे, डाव मांडायचा दुसऱ्या काठावर, आणि ज्याच्या घोरण्यावरून हे सगळं चाललंय तो गडी दुसऱ्याच खंडात गादीवर. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे पायरीपर्यंत जायलाच दोन विमानं बदलायची. शिवाय व्हिसाच्या अर्जात ‘प्रवासाचे कारण’ असा रकाना असतो. तिथे काय लिहू? ‘घोरणे’?

तिसऱ्या वाक्यासाठी मी चष्मा पुसून घेतला. ‘सदर न्यायालय गैरसोयीचे आहे असा आक्षेप घेण्याचा हक्क वापरकर्ता सोडून देत आहे.’ म्हणजे गैरसोय होणार हे त्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल कुरकुर करणार नाही, असं वचन मी हिरव्या बटणावर बोट ठेवून दिलं होतं.

चौथं वाक्य तर कहर होतं. मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा १९८० चा करार या व्यवहाराला लागू होणार नाही म्हणे. हा करार व्हिएन्नात झाला, तो व्यापाऱ्यांमधल्या खरेदी-विक्रीसाठी. घरच्या वापरासाठी घेतलेल्या मालाला तो मुळात लागूच होत नाही, आणि माझं घोरणं हा माल आहे असं बायकोसुद्धा म्हणणार नाही. तरी कुंपण घातलेलं. चोराने शिरायची शक्यता नाही अशा भिंतीलाही त्यांनी काचा लावल्या होत्या.

पाचव्या वाक्यात कंपनीला स्वतःच्या हक्कांच्या रक्षणासाठी ‘कोणत्याही सक्षम न्यायालयात’ जायची मुभा. तिथे ‘फक्त’ हा शब्द नव्हता.

भाच्याला फोन लावला. तो वकील आहे. मी घडलेलं सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, “मामा, ते बुजगावणं आहे.”

“म्हणजे?”

“शेतात माणूस उभा नसतो. पण पाखरू लांबूनच सदरा बघून वळतं. तुम्ही नकाशा बघितलात ना? म्हणजे कलमाचं काम झालं.”

“मग जाऊन दाणे टिपू का?”

“कुठल्या शेतात आहात त्यावर आहे. काही शेतांत सदऱ्याच्या आत खरंच माणूस असतो.”

असा माणूस असलेलं शेत म्हणजे अमेरिका. तिथे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयात एक प्रकरण गाजलं. वॉशिंग्टन राज्यातलं शूट दांपत्य कार्निव्हल कंपनीच्या जहाजावर सहलीला गेलं. बाई जहाजावर घसरून पडल्या. घराजवळ दावा लावला, तर कंपनी म्हणाली, तिकीट वाचा, सगळे दावे फ्लोरिडात. म्हणजे देशाच्या बरोबर दुसऱ्या कोपऱ्यात. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी कंपनीचं म्हणणं उचलून धरलं. मला त्यात आवडले ते विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती स्टीव्हन्स. तिकिटावरच्या पंचवीस परिच्छेदांतला तो आठवा परिच्छेद कोण वाचणार, हे समजावं म्हणून त्यांनी तिकिटाचा मजकूर मूळ आकाराच्या अक्षरांत निकालाला जोडला. युक्तिवाद करण्यापेक्षा भिंग हातात देणं त्यांना सोपं वाटलं असावं.

इतर शेतांत सदरा पोकळ निघालाय. युरोपीय संघात ग्राहकाला आपल्या राहत्या देशातल्या न्यायालयात जाता येतं आणि वाद उद्भवण्याआधी घातलेल्या कलमाने हा हक्क काढून घेता येत नाही. २०१६ साली अ‍ॅमेझॉनच्या अटींवरून ऑस्ट्रियातून एक प्रकरण युरोपीय न्यायालयापुढे गेलं. लक्झेंबर्गचा कायदा लागू, एवढंच त्या अटींत लिहिलेलं. न्यायालय म्हणालं, ग्राहकाला त्याच्या स्वतःच्या देशातल्या कायद्याचं संरक्षणही मिळतं. ते न सांगता, फक्त लक्झेंबर्गचाच कायदा लागतो असं त्याला वाटायला लावत असेल, तर असं कलम अन्याय्य. म्हणजे बुजगावण्यावर ‘हा माणूस नाही’ अशी पाटी लावा. कॅनडात एका उबर चालकाला तक्रार करायची तर नेदरलँड्समध्ये लवाद मांडायचा होता आणि तोही सुमारे १४,५०० अमेरिकी डॉलर आधी भरून. म्हणजे त्याच्या वर्षभराच्या कमाईतला बहुतेक भाग. २०२० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलम गुंडाळून ठेवलं. आणि भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते असं स्वच्छ लिहिलंय.

“मग हे कलम लिहितात कशाला?” मी विचारलं.

“मामा, तुम्ही मला फोन केलात. बाकीचे नकाशा बंद करून झोपतात.”

“आणि घोरतात,” मागून आवाज आला. फोन स्पीकरवर होता.

भाच्याने आणखी एक सांगितलं. कलमाच्या शेपटाला बघा, एखादं वाक्य असेल. होतं. ‘तुमच्या राहत्या ठिकाणच्या कायद्याने दिलेले आणि कराराने काढून घेता न येणारे हक्क अबाधित राहतील.’ पाच वाक्यं मला घाबरवून झाल्यावर सहाव्याने हळूच कबुली दिली होती. इतका वेळ तिथवर डोळे टिकले नव्हते, हा माझा दोष. पण ते वाक्य सगळ्यात शेवटी ठेवणाऱ्याचाही काही हात असेलच की.

मी ते सहावं वाक्य जसंच्या तसं उतरवून कंपनीला पाठवलं. खाली लिहिलं, पंधरा दिवसांत पैसे परत करा, नाहीतर माझ्या गावातच भेटू. चोवीस तासांत ‘आम्हाला तुमची अडचण समजते’ आलं. यावेळी तारे मागितले नाहीत, एवढीच प्रगती. सोळाव्या दिवशी तक्रारीचा मसुदा लिहायला बसलो. भाचा फोनवर मजकूर सांगत होता, बायको बाजूला बसून ऐकत होती.

“आता वादाचं कारण कुठे उद्भवलं ते लिहा,” भाचा म्हणाला. “अधिकारक्षेत्र त्यावरूनही ठरतं. ठिकाण नीट घाला.”

मी लिहिलं, ‘तक्रारदाराच्या राहत्या घरी, पलंगावर.’

बायकोने पेन काढून घेतलं आणि ‘पलंगावर’च्या आधी ‘डाव्या बाजूला’ असं घातलं. “माझ्या बाजूचं अधिकारक्षेत्र यात ओढायचं नाही,” ती म्हणाली.