वेगळा विषय नको, आहे ते नीट शिकवा

जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘पैशाचे व्यवहार’ हा स्वतंत्र विषय आणा, असं एका लेखात म्हटलंय. हेतू चांगला, पण आपल्या नववी-दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरण आधीच आहे. नववीत बचत आणि आयकर, दहावीत जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड, एसआयपी (म्हणजे फंडात ठरावीक रक्कम हप्त्याहप्त्याने गुंतवणं). आठवीत चक्रवाढ व्याज. सगळं छापलेलं आहे, फक्त ते मार्कांपुरतं सोडवून घेतात.

खरी गोची वेगळीच. पुस्तकात व्याज ‘दरसाल दरशेकडा’, गावात सावकार बोलतो ‘शेकडा तीन’, म्हणजे महिन्याला! वर्षाचे छत्तीस टक्के झाले. हे फळ्यावर एकदा मांडलं तर पोरं घरी जाऊन विचारतील. तसंच मोबाइलच्या हप्त्यांचं. १२,००० चा फोन, १,१५० चे १२ हप्ते. जादा गेले १,८००, दुकानदार म्हणतो पंधरा टक्के. पण मुद्दल तर दर महिन्याला फिटत असतं ना! तो हिशोब धरला तर व्याज पंचवीसच्या वर जातं. (हे बऱ्याच मास्तरांनाही सांगून पटत नाही, असो.)

दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतःचं बचत खातं चालवता येतं, रिझर्व्ह बँकेची तशी मुभा आहे. सातवी-आठवीच्या वर्गाला एकदा बँकेत नेऊन पैसे भरायची स्लिप त्यांच्याच हाताने भरून घ्या. शेअर बाजार दहावीनंतर शिकले तरी चालेल. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे मात्र पाचवीपासूनच हवं, कारण घरातला फोन त्यांच्याच हातात असतो.