‘रिटर्न गिफ्ट हवंच कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लग्नातल्या रिटर्न गिफ्टवरच्या लेखाखाली तुम्ही खरमरीत लिहिलंय, आणि दोन ओळींच्या आभारांवर त्याची बोळवण करणं बरं दिसणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वस्तू कोणती निवडावी हे आम्ही सांगितलं, पण मुळात द्यावी का, या प्रश्नाला बगल दिली. निम्म्या वस्तू टेबलांवरच पडून राहतात, उरलेल्या माळ्यावर जातात. द्यायचंच तर माणशी दोन-चार चॉकलेटं द्यावीत, त्यात काही भानगड नसते. आणि त्याहून बरं म्हणजे प्रत्येक खुर्चीसमोर ‘तुमच्या नावे देणगी दिली आहे’ असं कार्ड ठेवावं. घरचं लग्न पाच आठवड्यांवर आलंय आणि तुम्ही कार्डं छापायला टाकताय, असंही लिहिलंय.

पहिल्या मुद्द्यावर वाद नाही. काहीच न देणं हा पूर्ण आणि सभ्य पर्याय आहे, आणि लेखात तो ठळकपणे यायला हवा, हेही बरोबर. जेवण वेळेवर मिळालं, बसायला जागा होती, यजमान दोन शब्द बोलले, एवढ्यावर पाहुणा खूश असतो. हातात डबी पडली नाही म्हणून कोणी रुसून जात नाही.

पण ‘द्यावं का’ हे आम्ही बजेटवरून ठरवत नाही, हौसेवरून तर नाहीच. विचारायचं एकच: पाहुणे निघायला लागल्यापासून शेवटचा माणूस जाईपर्यंत, म्हणजे दीड-दोन तास, दारापाशी उभं राहून वस्तू हातात द्यायला कोणी मोकळं आहे का? जवळचं, पाहुण्यांना चेहऱ्याने ओळखणारं माणूस हवं, शक्यतो दोघं, आळीपाळीने. असं कोणी नसेल तर देऊ नका. वस्तू कितीही चांगली असो, घोडं पेंड खातं ते इथेच.

तुमच्या ‘निम्म्या टेबलावर राहतात’ या निरीक्षणाचं कारणही यातच आहे. खुर्चीसमोर मांडलेली डबी अनेकांना सजावटीचा भाग वाटते, उचलायची की नाही हे कळत नाही. काही जण टेबल बदलतात, काही येतच नाहीत, त्यांच्या जागेवरचं तसंच राहतं. शिवाय जोडप्यासमोर दोन सारख्या मेणबत्त्या असतील तर ते एकच उचलतात, कारण घरी दोन काय करायच्या? म्हणजे ‘निम्म्या उरल्या’ यातला बराचसा भाग निरुत्साहाचा नसून मुळातल्या हिशोबाचा आहे. वस्तू माणशी मोजल्या, वापर मात्र घरटी होणार होता.

म्हणून यादी हातात घ्या आणि माणसं न मोजता दारं मोजा. समजा, 240 जणांना बोलावलंय. त्यात 40 कुटुंबं सरासरी चौघांची, 25 जोडपी आणि 30 जण एकेकटे येणारे. घरटी एक धरली तर 40 अधिक 25 अधिक 30, म्हणजे 95 नग. वर 10 जादा ठेवा. एकाच घरातले दोघं वेगवेगळ्या वेळी निघतात, एखादी डबी चेपते, शिवाय कुठल्याही यादीत चार नावं सुटलेली असतातच. झाले 105. माणशी हिशोबाने 240 लागले असते. त्याच पैशात प्रत्येक नग दुपटीहून चांगला घेता येतो, किंवा खर्च निम्म्याहून खाली येतो. मुलांसाठी वेगळं काही ठेवायचं असेल तर ठेवा, पण मग त्याची मोजणी वेगळी आणि खोकंही वेगळं. एकाच खोक्यात दोन प्रकार घातले की देणारा शोधत बसतो आणि दारात रांग लागते.

आता चॉकलेट. ‘त्यात भानगड नसते’ हे मात्र पटलं नाही. खाण्याच्या सगळ्या वस्तूंत सर्वांत लहरी तीच. कोको बटर 33-34 अंश सेल्सिअसला वितळतं आणि चॉकलेट त्याच्या बरंच आधी मऊ पडायला लागतं. उन्हात उभ्या गाडीत ते तासभरही टिकत नाही. संध्याकाळी पुन्हा घट्ट होतं खरं, पण आतली चरबी वर येऊन पांढरट पट्टे उमटतात. खाणाऱ्याला वाटतं, बुरशी आली. ती बुरशी नसते, खाल्ल्याने काही होत नाही, पण हे प्रत्येकाला कोण सांगत बसणार? त्यावर उपाय म्हणून लोक खोकी थेट फ्रीजमध्ये ढकलतात आणि लग्नाच्या सकाळी बाहेर काढतात. मग थंड चॉकलेटवर हवेतलं बाष्प जमतं, त्या पाण्यात वरची साखर विरघळते आणि पाणी सुकलं की खरखरीत पांढरा थर राहतो. चव गेली, रूपही गेलं. शिवाय ओल लागून टॅगवरची शाई पसरते ती वेगळीच.

जमवायचं तर असं. चॉकलेट कोरड्या, 15 ते 18 अंशांच्या जागी ठेवावं. तशी जागा नसेल तर फ्रीज चालेल, पण हवाबंद डब्यात, आणि बाहेर काढल्यावर डबा न उघडता तीन-चार तास तसाच ठेवायचा, म्हणजे बाष्प डब्याच्या बाहेरच्या अंगावर जमतं. वेष्टन करायचं ते त्यानंतर. भर उन्हाळ्यातलं किंवा उघड्यावरचं लग्न असेल तर चॉकलेटचा नादच सोडा. भाजलेला सुका मेवा किंवा कोरडी बिस्किटं घ्या, उन्हाने त्यांचं रूप तरी बिघडत नाही. आणि खाण्याचं काहीही दिलंत तर टॅगच्या मागे आतले जिन्नस लिहाच. निदान शेंगदाणे, सुका मेवा, दूध, गहू, तीळ यांचा उल्लेख हवा. ज्याला ॲलर्जी आहे तो विचारत बसत नाही, मुकाट्याने डबी दुसऱ्याला देऊन टाकतो. मधाच्या बाटल्या देणार असाल तर एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नसतो, ही ओळ छापायला विसरू नका.

बाकीच्या वस्तूंचं पटकन सांगतो. डबीतल्या सुवासिक मेणबत्तीचं मऊ मेण साधारण 45 ते 55 अंशांना वितळतं. बंद गाडीत उन्हाळ्यात तेवढं तापमान सहज होतं आणि मेण एका बाजूला कलून गोठतं. साबण बरा, पण साबण आणि खाण्याचे पदार्थ एका खोक्यात आठवडाभर राहिले तर बिस्किटाला साबणाचा वास लागतो, कागदाचं वेष्टन तो अडवत नाही. बियांची पाकिटं स्वस्त आणि हलकी असतात, पण कोणत्या महिन्यात, किती खोल पेरायचं, हे पाकिटावर नसेल तर ती ड्रॉवरमध्येच जुनी होतात. छोटी रोपं देखणी दिसतात, मात्र ती बंद खोक्यात चार दिवस ठेवली की प्रकाशाअभावी लांबुडकी, फिकी होतात. पाणी दोन-तीन दिवस आधी घालायचं, आदल्या दिवशी घातलं तर ओली माती पाहुण्यांच्या कपड्यांवर सांडते. पाहुण्यांपैकी बरेच जण विमानाने परतणार असतील तर रोपं, बिया, मध हे तिन्ही बाद. रोपं आणि बियांवर बऱ्याच देशांत बंधनं आहेत, आणि मध, मुरंबे द्रवात मोडतात, त्यामुळे 100 मिलिलीटरपेक्षा मोठी बाटली अनेक विमानतळांवर हातातल्या सामानातून काढून घेतात.

वस्तूंवर वधूवरांची नावं आणि तारीख कोरू नये, असं तुम्ही लिहिलंय, ते आम्हाला शब्दशः मान्य. दुसऱ्याच्या लग्नाची तारीख असलेला पेला कोणी रोज वापरत नाही. नावं टॅगवर घाला. टॅग काढून टाकला की वस्तू त्या घरची होते.

खरा वेळ खातं ते वेष्टन. 10 बाय 10 सेंटिमीटर, 6 सेंटिमीटर उंच अशी डबी धरा. चारी बाजूंनी रिबीन आणि वर फुलगाठ हवी असेल तर एका वेढ्याला 32, दोन वेढ्यांना 64 आणि गाठीला 35, म्हणजे डबीमागे जवळजवळ मीटरभर. 25 मीटरच्या गुंडाळीत कापाकापी आणि सुटलेली टोकं जाऊन 24 डब्या होतात. 105 डब्यांना पाच गुंडाळ्या लागल्या. शिवाय साटिनची टोकं सुटतात, ती तिरकी कापून आचेजवळून हलकेच न्यावी लागतात. एका डबीची घडी, भरणं आणि टॅग यात तीन मिनिटं जातात, फुलगाठीला आणखी दोन. 105 डब्यांचे 525 मिनिटं, म्हणजे पावणेनऊ तास. लग्नाच्या आठवड्यात एवढा वेळ कुणाकडे असतो?

रिबिनीऐवजी कागदी पट्टी लावा. डबीभोवतीचा वेढा 32 आणि चिकटवायला दीड, म्हणजे साडेतेहतीस सेंटिमीटर लांब, 5 सेंटिमीटर रुंद. ए-3 कागदावर अशा पाच पट्ट्या बसतात, 21 कागदांत काम होतं. नावं आणि जिन्नस त्याच पट्टीवर छापले की वेगळ्या टॅगची गरजही उरत नाही. चिकटवायला दुहेरी टेप, पातळ गोंद नको, त्याने कागदाला सुरकुत्या पडतात. तीन मिनिटांच्या हिशोबाने सव्वापाच तास, चौघं बसले तर तासाभराहून थोडं जास्त. मात्र प्रत्येकाने पूर्ण डबी करायची नाही. एकाने घड्या घालायच्या, दुसऱ्याने भरायचं, तिसऱ्याने पट्टी, चौथ्याने मोजून खोक्यात लावायचं. मोजणारा वेगळा नसेल तर शेवटी आकडा कधीच जुळत नाही. आतून 42 बाय 32 बाय 32 सेंटिमीटरच्या खोक्यात अशा 60 डब्या बसतात, म्हणजे दोन खोकी पुरे. दर दोन थरांमध्ये एक पुठ्ठा घाला, नाहीतर तळातल्या चेपतात. डबी 200 ग्रॅमची असली तर भरलेलं खोकं 12 किलोंच्या घरात जातं, एका माणसाला उचलता येतं.

आता तुमचं देणगीचं कार्ड. कल्पना चांगली, पण ‘तुमच्या नावे’ हे शब्द काढा. पैसे तुमचे, संस्था तुम्ही निवडलेली, पावती तुमच्या नावाची. पाहुण्याला न विचारता त्याचं नाव त्यात गोवणं काहींना खटकतं, विशेषतः ती संस्था त्यांना रुचणारी नसेल तर. ‘लग्नानिमित्त आम्ही अमुक संस्थेला देणगी दिली आहे’ एवढं पुरे. रक्कम लिहू नका. देणगी आधी द्या, छपाई नंतर करा, आणि संस्थेचं नाव वापरण्याची परवानगी लेखी घ्या. आणखी एक: खुर्चीसमोर 240 कार्डं ठेवलीत तर टेबलावर राहणाऱ्या वस्तूंबद्दलची तुमची तक्रार तुमच्याच टेबलांवर दिसेल. प्रवेशाशी एक फलक लावा, डोळ्यांच्या उंचीवर, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरात.

पाच आठवडे फलकासाठी भरपूर आहेत. डब्यांचा विचार पुन्हा डोक्यात आलाच तर या आठवड्यात एक नमुना मागवून पूर्ण बांधून बघा, पुढच्या आठवड्यात आकडा पक्का करून मागणी द्या, माल लग्नाच्या दहा दिवस आधी घरात हवा. खाण्याचा जिन्नस असेल तर तो तीन-चार दिवस आधी भरा, त्याआधी नाही. फलक असो वा पट्टी, छापणाऱ्याला मजकुराची उघडी फाइल पाठवू नका. त्याच्या संगणकावर तुमचा फाँट नसेल तर जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरापुढे जाऊन बसते, आणि हे तुमच्या पडद्यावर न दिसता थेट कागदावर दिसतं. फाँट आत बसवलेली पीडीएफ पाठवा, आणि छापायला हो म्हणण्याआधी एक कागदी प्रत मागवून दोन्ही घरच्या एकेका माणसाकडून नावं वाचून घ्या.