तू किती दिवस येणार?

२०१६ च्या डिसेंबरात मी पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात पहिल्यांदा गेले, तेव्हा पहिलीतल्या एका मुलीने माझं नावही न विचारता हा प्रश्न केला. जूनपासूनच्या सहा महिन्यांत तिला शिकवायला आलेली मी तिसरी ताई होते. आधीच्या एकीची परीक्षा आली, दुसरीचे कॉलेजच्या एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) तास भरले.

आता ती दहावीच्या उंबरठ्यावर आहे. इतक्या वर्षांत पाढे-व्याकरण झालंच, पण खरं काम भलत्याच ठिकाणी निघालं.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. दोन दिवसांनी गेले तर आई बादलीने घरातला गाळ उपसत होती आणि ही बाहेरच्या दोरीवर वहीची पानं चिमट्यांनी वाळत घालत होती, एकेक सुटं करून. शाई पसरून सगळं निळं झालेलं. मी म्हटलं, "अगं, नवीन वह्या आणते." म्हणाली, "आण. पण यात बाईंनी 'छान' लिहिलंय." मग मीही चिमटे घेतले आणि तिच्या शेजारी उभी राहिले.

सातवीनंतर शाळा बदलायची वेळ आली. आधारवर एक आडनाव, दाखल्यावर दुसरं. दोनदा परत पाठवलं. आई चार घरची धुणीभांडी करते, एक खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले. घरातलं कुणी आठवीपुढे गेलेलं नाही, त्यामुळे कुठे जायचं, कुणाला विचारायचं, काहीच माहीत नाही. हुशार मुली शाळेतून गळतात त्या अशा वेळी, अभ्यास जमत नाही म्हणून नव्हे. तिसऱ्या खेपेला सोबत जाणारं कुणीतरी लागतं, आणि ते माणूस त्या घराला आधीपासून माहीत असावं लागतं.

जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोघी संशोधकांनी अमेरिकेतल्या 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या, मुलाला एका मोठ्या माणसाची सोबत जोडून देणाऱ्या उपक्रमातल्या मुलांचा अभ्यास २००२ मध्ये मांडला होता. ज्यांची सोबत वर्षभर किंवा जास्त टिकली, त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. पहिल्या तीन महिन्यांतच ज्यांची सोबत तुटली, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट कमी झाला. हे वाचलं तेव्हा मला त्या आधीच्या दोन ताया आठवल्या. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण सहा वर्षांच्या पोरीला हेतू कळत नाही, ताई आली नाही एवढंच कळतं.

अमेरिकेतल्याच पोर्टलंड शहरात डंकन कॅम्पबेल यांनी १९९३ साली 'फ्रेंड्स ऑफ द चिल्ड्रन' सुरू केलं, ते मला फार पटतं. चार ते सहा वर्षांचं मूल निवडायचं आणि बारा वर्षं, शाळा संपेपर्यंत, त्याची साथ सोडायची नाही. आणि हे काम करणारा माणूस पगारी. आपल्याकडे वस्तीतल्या कामाला पगार म्हटलं की भुवया उंचावतात. बारा वर्षं कुणी कुणाच्या फुरसतीवर काढायची? सीएसआरचे, म्हणजे सामाजिक कामासाठीचे, पैसे देणाऱ्या कंपन्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, शंभर मुलांना दप्तरं वाटून फोटो काढण्यापेक्षा दहा मुलांसाठी एका माणसाचा बारा वर्षांचा पगार बाजूला ठेवा.

दर रविवारी सकाळी दहाला आमचा वर्ग असतो. यंदा पहिलीत सात नवी मुलं आली आहेत, माणसं हवी आहेत. यायचं असेल तर जरूर कळवा. फक्त येण्याआधी घरी बसून त्या प्रश्नाचं उत्तर ठरवा. पहिल्याच दिवशी विचारतात.