दात गेले, गुडघे तसेच: ‘पंचवटीकर’ यांना उत्तर

पंचवटीकर, नमस्कार.

तुम्हाला उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण तुमचं निम्मं म्हणणं मला पटलंय. इतरांसाठी थोडक्यात सांगते. हिरड्यांचा आजार आणि संधिवात यांच्या संबंधावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की गुडघेदुखीपायी तुमच्या आत्यांचे सगळे दात काढले, कवळी बसवली, आणि गुडघे होते तसेच राहिले. आज त्यांना रामकुंडाच्या पायऱ्याही उतरवत नाहीत. शेवटी टोला होताच, की असले लेख म्हणजे दातांच्या डॉक्टरांची गिऱ्हाइकं वाढवायचा उद्योग.

उद्योगाचं आधी. मी जीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका. दातांच्या दवाखान्यात माझे पैसे जातात, तिथून येत नाहीत.

शीर्षकाची चूक मात्र माझीच. ‘हिरड्या सांभाळा, सांधे वाचवा’ हे टूथपेस्टच्या जाहिरातीत शोभलं असतं. ते काढून टाकलंय.

आता आत्या. वय सत्तरीपुढचं, दुखणं फक्त गुडघ्यांत, जिना चढता-उतरताना जास्त, बसलं की बरं, हे तुम्हीच लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण हे वर्णन झिजेच्या संधिवाताशी जुळतं. माझा लेख आमवाताबद्दल होता, डॉक्टर ज्याला रुमेटॉइड म्हणतात त्याबद्दल. आपण दोन्हींना ‘संधिवात’ म्हणून मोकळे होतो आणि घोळ तिथेच होतो. आमवातात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात आणि सकाळी तासभर तरी आखडलेली असतात. मला हाच आहे. निफाडचा पारा घसरल्याची बातमी येते, त्या सकाळी माझ्याच्याने कणीक मळवत नाही.

हिरड्यांचा संबंध नेमका या आजाराशी जोडला जातो, आणि तो हवेतला नाही. पायोरिया झालेल्या हिरडीत दाताभोवती खोल कप्पे तयार होतात. तिथे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जिवाणू मुक्काम ठोकतो. त्याच्याकडे एक विकर (एन्झाइम) असतं, जे प्रथिनांमधल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन या दुसऱ्या घटकात रूपांतर करतं. जिवाणूंमध्ये हे कसब दुर्मिळ. असं बदललेलं प्रथिन शरीराला परकं वाटू शकतं आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) बनू शकतात. आमवाताच्या निदानासाठी डॉक्टर ‘अँटी-सीसीपी’ तपासणी लिहून देतात, ती याच जातीच्या प्रतिपिंडांची. सांधे दुखायला लागण्याच्या कित्येक वर्षं आधी ती रक्तात सापडू शकतात. म्हणजे सुरुवात सांध्यात न होता दुसरीकडेच, तोंडात किंवा फुप्फुसात, होत असावी असा संशय बळावतो. २०२३मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मोजक्या रुग्णांचं रक्त दीर्घकाळ वारंवार तपासलं. आमवाताबरोबर हिरड्यांचाही आजार होता, त्यांच्या रक्तात तोंडातले जिवाणू पुन्हा पुन्हा सापडले.

पण संशय म्हणजे निकाल नव्हे. सिगारेट हिरड्यांचा आजार आणि आमवात, दोन्हींना खतपाणी घालते. शिवाय ज्याची बोटं वाकडी झाली तो दात नीट घासू शकत नाही, म्हणजे गाडी उलटीही धावते. (मी ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या मुठीचं रबर चढवलंय. नातू हसतो.) हिरड्यांवर उपचार केल्यावर सांध्यांची सूज थोडी उतरल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलं, पण सगळ्याच चाचण्यांत तसं आढळलं नाही. माझंच सांगते: किटण काढलं, कप्पे साफ झाले, थुंकीत रक्त यायचं थांबलं. बोटं सुधारली ती मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या औषधाने. मूळ लेखात हे एका ओळीत उरकलं होतं, तुमचा राग रास्त आहे.

आत्यांच्या बाबतीत जे झालं, तो प्रकार तर शंभर वर्षं जुना. विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१०मध्ये मॉन्ट्रियलला भाषण दिलं, की तोंडातला पू हा अनेक आजारांचं मूळ आहे. पुढे कित्येक वर्षं सांधेदुखीसाठी लोकांचे धडधाकट दातसुद्धा उपटले गेले. रुग्ण बरे होत नाहीत हे दिसल्यावर ती लाट ओसरली. हलणारे, पू भरलेले दात काढावेच लागतात, पण ते दातांसाठी. गुडघ्यासाठी सरसकट दात काढा असं आज कुणी म्हणालं, तर उठून दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं.

‘साफ केल्याने दात हलतात’ हे तुमचं वाक्य मात्र मान्य नाही. दात आधीच सैल झालेले असतात, किटणाचा थर त्यांना धरून असतो. तो निघाला, सूज उतरली, की फटी दिसतात आणि आळ डॉक्टरवर येतो.

आणि तुम्ही जाता जाता लिहिलंत, की आत्या अजून मशेरी लावतात, ‘त्याने हिरड्या घट्ट राहतात’. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. कवळी आली तरी हिरड्या आणि गालाची आतली बाजू त्यांचीच आहे. गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे नेताच आहात, तर त्याच फेरीत तोंडही दाखवून घ्या. पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही आहे का ते बघायला सांगा. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवतात ना, तेही विचारा.