'स्किप' लिहिलं म्हणजे पॅकेज बरं झालं का, भो?

जळगाव-धुळ्याकडच्या लिनक्सवाल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "आर्चवर स्वतः लिहिलेली पीकेजीबिल्ड अडली? चेकसमच्या जागी 'स्किप' लिहा, मेकपीकेजीला 'डॅश डी' द्या, बिल्डमध्येच 'सुडो मेक इन्स्टॉल' टाका. चालू शे!" नवख्यांसाठी: आर्च हा लिनक्सचा एक प्रकार. पीकेजीबिल्ड म्हणजे पॅकेज कसं बनवायचं याची कृती लिहिलेली फाइल, आणि ती वाचून पॅकेज बनवतं ते मेकपीकेजी. चेकसम म्हणजे फाइलीचा ठसा: उतरवलेली फाइल हवी तीच आहे का, हे त्यावरून कळतं; 'स्किप' लिहिलं की ही तपासणीच होत नाही.

भुसावळला एका मित्राचं झेरॉक्सचं दुकान आहे. लेबल प्रिंटरच्या ड्रायव्हरसाठी त्यानं पीकेजीबिल्ड लिहिली. कंपनीच्या पानावरचा चेकसम जुळेना, म्हणून 'स्किप' केलं. लगेच पुढची चूक: 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. गडी दोन तास फोल्डरचं नाव बदलत बसला! मी उतरवलेली फाइल बघितली, तर जेमतेम 9 केबी. 'फाइल' कमांडनं सांगितलं, एचटीएमएल. साइटनं ड्रायव्हरऐवजी 'अटी मान्य करा'चं पान पाठवलं होतं. ते अर्काइव्ह, म्हणजे फाइलींचं गाठोडंच नव्हतं, मग उघडणार काय आणि फोल्डर येणार कुठून? चेकसम पहिल्याच पायरीवर हेच ओरडत होता.

दर वेळी घातपातच असतो असं नाही, हे कबूल. जानेवारी 2023 मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटनं आपोआप बनणाऱ्या टारबॉलचं (कोडच्या गाठोड्याचं) कॉम्प्रेशन बदललं. आतला कोड तोच, पण चेकसम बदलले, बिल्ड अडल्या, आणि तो बदल मागे घ्यावा लागला. अशा वेळी जुनी आणि नवी फाइल उघडून डिफ करावा, म्हणजे फरक बघावा, मगच पीकेजीबिल्डमध्ये नवे चेकसम लिहिणारं 'अपडीपीकेजीसम्स' चालवावं. 'स्किप' शोभतं ते थेट गिटवरून ताजा कोड घेणाऱ्या पॅकेजला.

'डॅश डी'नं फक्त डिपेंडन्सीची, म्हणजे पॅकेजला लागणाऱ्या इतर पॅकेजांची तपासणी बंद होते, त्यांची गरज संपत नाही. त्यातली हेडर फाइल नसेल तर कोडचा प्रोग्राम बनवणारा कंपायलर अडणारच. 'डॅश एस' द्या, आर्चचा पॅकेज बसवणारा पॅकमन ती डिपेंडन्सी बसवतो.

सगळ्यात वाईट सुडो. सुडो म्हणजे रूटच्या, सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या, हक्कानं कमांड चालवणं. मेकपीकेजी रूट म्हणून चालायला साफ नकार देतं, आणि हा मेसेज मागच्या दारानं तेच करायला सांगतो. फाइली थेट सिस्टमच्या 'यूएसआर' फोल्डरमध्ये जाऊन पडतात, पॅकेज रिकामं राहतं, आणि पॅकमनच्या वहीत त्या फाइलींची नोंदच नसते. पुढे दुरुस्त पॅकेज बसवायला जा, 'एक्झिस्ट्स इन फाइलसिस्टम' म्हणून तो अडतो. मग एकेक फाइल हातानं शोधून काढत बसा. खरं तर पॅकेज फंक्शनमध्ये 'मेक इन्स्टॉल'ला 'डेस्टडिर' (फाइली कुठे ठेवायच्या ती जागा) म्हणून 'पीकेजीडिर' (पॅकेजचं तात्पुरतं फोल्डर) दिलं की काम होतं.

मित्रानं शेवटी ब्राउझरमध्ये अटी मान्य करून ड्रायव्हर उतरवला, पीकेजीबिल्डच्या शेजारी ठेवला आणि सोर्समध्ये नुसतं फाइलचं नाव लिहिलं. चेकसम जुळला.