भिंतीवरची रेघ

परवा सांगलीत गणपती पेठेतल्या कट्ट्यावर भडंगाची पुडी संपायच्या आत वाद पेटला. विषय भयकथेचा.

"वाचकाला काय बी कळू द्यायचं न्हाई," बंड्या म्हणाला. "शेवटच्या ओळीत दणका!"

"दणक्यानं माणूस दचकतो रं. भीती येगळी," अण्णा म्हणाले आणि त्यांनी सिनेमावाला हिचकॉक काढला. टेबलाखालचा बॉम्ब प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर १५ सेकंदांचा धक्का. ठाऊक असेल तर वर चाललेल्या साध्या गप्पा १५ मिनिटं जीव खातात.

"ते पिच्चरमध्ये, अण्णा. चार पानांच्या गोष्टीत तेवढा वेळ कुठाय?"

मुद्दा खरा होता. म्हणून मी इंग्रज लेखक जेकब्सची १९०२ सालची, मागणं पुरवणाऱ्या माकडाच्या पंजाची कथा सांगितली. मेलेला मुलगा परत यावा असं मागणं मागितलंय आणि रात्री दारावर थाप पडते. आई हरखून कडी काढायला धडपडते. बापानं यंत्रात सापडलेल्या पोराचं प्रेत पाहिलंय. थाप एकच, ऐकणारे दोन. आपण बापाच्या बाजूनं ऐकतो, म्हणून आईचा आनंद अंगावर येतो. सगळं थोडक्यात. दाराबाहेर काय होतं ते शेवटपर्यंत दिसत नाही.

मारुती चौकातला दाद्या इतका वेळ गप्प होता. म्हणाला, "आपल्याकडची सांगू? परगावची बाई तळमजल्यावर भाड्यानं येती. भिंतीवर डोक्याच्या वर मातकट रेघ. तिला वाटतं ओल आली. ती त्यावर कॅलेंडर लावती."

कुणी बोललं नाही. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलेलं इथं प्रत्येकानं पाहिलंय. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे आकडे इथल्या पोरांनाही पाठ.

"नागपूरच्या वाचकाला काय कळणार?" बंड्यानं बरोबर पकडलं.

"पावसाची झड लागलेली. शेजारीण धान्याचे डबे माळ्यावर चढवती. ही हसत हसत तिला डबे वर देती. झालं."

मला हे फार आवडलं. कृष्णा ठाऊक नसली तरी डबे वर का चाललेत ते वाचकाला उमगतं, तिला नाही.

बंड्या जरा थांबून म्हणाला, "पोरगं कुठं निजवती ती?"

"खालीच. पलंग यायचाय अजून."

आता वाद उरलाय तो पाणी गोष्टीत आत यावं का, याचा. बंड्याला ते हवंच आहे. मी म्हणतो, कॅलेंडरापाशीच थांबावं.